सोबत डबा, रुमाल आणि चादर

काचीगुड्याचं स्टेशन मागे पडलं तेव्हा सुमनताईंच्या उजव्या चपलेचा अंगठा अगदी सैल झाला होता आणि यादीतली चौदा घरं झाली होती. बरकतपुऱ्यातलं एक आणि नल्लकुंट्यातली दोन अजून बाकी होती. गौलीगुड्यातून निघून, सुलतान बाजारातल्या गर्दीतून वाट काढत त्या आणि जयवंताबाई इथवर पायीच आल्या होत्या. तीन बसगाड्या त्यांच्याजवळ येऊन हळू झाल्या नि निघून गेल्या. एक ऑटोवाला तर "बैठो ना अम्मा" करत बराच वेळ त्यांच्या बरोबरीनं चालला होता, पण जयवंताबाईंनी त्याच्याकडे मान वळवून पाहिलंसुद्धा नाही.

पायी जायचा काही नवस बोललाय का, असं सुमनताईंनी शेवटी विचारलंच.

"सुमनताई, बसनं आलेल्या बाईला लोक दारातूनच वाटेला लावतात," जयवंताबाई म्हणाल्या. "धुळीच्या पायानं आली तर पाणी देतात. पाणी दिलं की बसा म्हणावं लागतं. आणि मी एकदा बसले की..."

पुढचं सांगायची गरज नव्हती. जयवंताबाई एकदा बसल्या की काम झाल्याशिवाय उठत नाहीत, हे गौलीगुड्यात लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं.

अठ्ठावीस वर्षं त्या तिथल्या मराठी शाळेत बालवर्ग चालवत होत्या. उदगीरकडच्या शेतकरी घरातली मुलगी, मॅट्रिक झालेली. नवरा, नामदेवराव, बसच्या वर्कशॉपात लागले तशी त्यांच्यामागं हैदराबादला आली. शाळेत आधी पाणी भरायला म्हणूनच गेली होती. बालवर्गाच्या बाई बाळंतपणाला गेल्या, वर्गात रडारड सुरू झाली, आणि पाण्याची कळशी खाली ठेवून जयवंताबाई आत गेल्या त्या परत पाण्याकडे आल्याच नाहीत. पुढं रीतसर परीक्षा दिली, कागद मिळवला. पण पोरं गप्प करण्याची विद्या त्यांच्याकडे कागदाच्या आधीपासून होती.

सुमनताईंची आणि त्यांची ओळख अमितमुळं. सुमनताईंचा मुलगा अमित त्यांच्या तिसऱ्या तुकडीत होता. त्याला सोडायला आलेल्या सुमनताई खिडकीचे गज धरून इतका वेळ उभ्या राहायच्या की शेवटी जयवंताबाईंनी त्यांना आत बोलावून शाळेचे फळे लिहायला बसवलं. सुमनताईंचं अक्षर मोत्यासारखं. तेव्हापासून शाळेची सगळी पत्रं, सूचना, सुविचार त्याच लिहीत आल्या. वाटेत देऊळ दिसलं की चालता चालता हात छातीशी न्यायचा, आणि जयवंताबाई जिथं नेतील तिथं जायचं, या दोन्ही सवयी त्यांना तेव्हापासूनच्या.

आजचं काम मात्र साधं नव्हतं. शाळेचे एक विश्वस्त होते हिम्मतराव, सुलतान बाजारात त्यांचं कापडाचं दुकान. बालवर्गाची खोली कॉम्प्युटर क्लासला द्यायचं त्यांच्या मनात होतं. ते दिवसच तसे होते. दर गल्लीत एक कॉम्प्युटर क्लास, दर गच्चीवर केबलची छत्री, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी इंग्लिश मीडियम. मागच्या वर्षी बालवर्गात नऊ पोरं होती. यंदा पंधरा नावं आली तर वर्ग राहील, नाही तर सोमवारपासून खोलीला एसी लागेल, असं हिम्मतरावांनी बाईंना तोंडावर सांगितलं होतं. माणूस वाईट नव्हता. लहानपणी त्यांच्या बालवर्गात बसला नव्हता एवढंच, असं जयवंताबाईंचं मत.

म्हणून ही पायपीट. गेल्या चार दिवसांत त्यांनी चौदा घरं केली होती, आज आणखी तीन. सगळ्यांकडे पाणी मिळालं, पोहे मिळाले, आणि "बघू" मिळालं. एका घरी इंग्लिश कविता शिकवता का म्हणून विचारलं. "शिकवते की," जयवंताबाई म्हणाल्या, "तुमचं पोरगं रडायचं थांबलं की सगळं शिकवते."

सतरा घरांची यादी सुमनताईंच्या पिशवीत होती. त्या यादीत एक नाव नव्हतं आणि ते नाव दोघींच्या मधून गौलीगुड्यापासून चालत आलं होतं. सुमनताईंचा नातू, अमितचा मुलगा युवराज, नुकताच साडेतीन वर्षांचा झाला होता. अमित पेजर विकायचा, पेजर कमरेला लावूनच जेवायचा, आणि त्यानं युवराजसाठी एका इंग्लिश शाळेचा फॉर्म आणून ठेवला होता. त्या शाळेत आईबापांचीच मुलाखत घेतात म्हणे. अमित आठवडाभर आरशासमोर उभा राहून स्वतःची ओळख करून देत होता. हे सगळं जयवंताबाईंना माहीत होतं. पण तीन मैलांच्या चालीत त्यांनी युवराजचं नाव काढलं नाही, आणि सुमनताईंनाही आपणहून बोलायचा धीर झाला नाही. आता म्हणतील, मग म्हणतील, असं करता करता नल्लकुंटा आला.

शेवटच्या घरी त्या दिवसाचं तिसरं "बघू" मिळाल्यावर जयवंताबाई ओट्यावर बसल्या, पायांची धूळ झटकली आणि म्हणाल्या की सुमनताई, एक पत्र लिहायचं. रविवारी सगळ्यांना वर्गात बोलवायचं. पोरांना नाही, मोठ्यांना.

त्यांचं म्हणणं असं होतं की अठ्ठावीस वर्षांत पोरांनी त्यांना कधी त्रास दिला नव्हता. पोरगं दहा मिनिटं रडतं नि वाळूत खेळायला लागतं. त्रास मोठ्यांचा. एका वर्षी एक वडील वर्गात बघता यावं म्हणून पेरूच्या झाडावर चढले आणि त्यांना उतरवायला शिडी आणावी लागली. एक आजी दप्तराच्या कपाटामागं सकाळपासून उभी सापडली, ती शिंकली म्हणून. ज्यांना आत काय चालतं ते ठाऊक नाही, तेच "बघू" म्हणतात. तेव्हा एक दिवस त्यांनाच बालवर्गात बसवायचं. सकाळच्या रांगेपासून दुपारच्या झोपेपर्यंत, पोरांचं जे जे होतं ते सगळं.

सुमनताईंनी त्या रात्री सतरा पत्रं लिहिली. "पालकांनी मुलांना न आणता स्वतः यावे. वेळ दहा ते साडेबारा. सोबत डबा, रुमाल आणि चादर आणावी." लिहून झाल्यावर त्यांनी देवासमोर पत्रांना हळदकुंकू लावलं. आपण काय लिहिलंय याचा त्यांना स्वतःलाच जरा धसका बसला होता.

रविवारी सोळा घरची अठरा माणसं आली. उत्सुकता हैदराबादेत कधी कमी पडत नाही. चादरीचं बहुतेकांना कोडं पडलं होतं. कुणी जमिनीवर अंथरायची समजून बेडशीट आणली होती, कुणी शाल. कुलदीप नावाच्या पोराचे आजोबा एकनाथराव, निवृत्त पोस्टमास्तर, हे तर खाकी पट्ट्यांचा, बिछाना गुंडाळलेला अख्खा होल्डॉल हमालाच्या डोक्यावर देऊन आले. पत्रात चादर म्हटलंय तर मुक्काम असणार, असा त्यांचा हिशोब.

दारात भामा उभी होती. भामा वर्गाची सेविका, जयवंताबाईंच्याच बरोबरीनं तिथं म्हातारी झालेली. तिला फक्त एवढंच सांगितलं होतं की आज रोजच्यासारखंच करायचं. तिनं तंतोतंत तसंच केलं. प्रत्येकाच्या चपला जोडीनं भिंतीशी लावायला लावल्या, प्रत्येकाचा रुमाल सेफ्टी पिनेनं छातीशी टाचला आणि प्रत्येकाचं नाक बघितलं. एका बँकेतल्या गृहस्थांना तिनं सगळ्यांदेखत नाक शिंकरून यायला परत पाठवलं. ते गेले आणि शिंकरून आले.

भिंतीवर खुंट्या होत्या. पोरांना वाचता येत नाही म्हणून प्रत्येक खुंटीवर एक चित्र. ज्याला जे चित्र, त्याची पिशवी तिथं, त्याचा पाट तो, त्याची चटई ती. चित्रं नामदेवरावांनी वर्कशॉपातल्या उरलेल्या रंगानं काढलेली, त्यामुळं बदकसुद्धा बसच्या लाल रंगाचं. वाटता वाटता एकनाथरावांच्या वाट्याला वांगं आलं.

एकनाथरावांनी वांग्याकडे पाहिलं. मग शेजारच्या योगिनीकडे पाहिलं. योगिनी नुकतीच कॉम्प्युटर शिकायला लागलेली तरुण आई, तिला छत्री मिळाली होती.

"बाई, हे बदलून द्या," ते म्हणाले. "मी एकोणतीस वर्षं पोस्टात काढली आहेत."

"मग?"

"मग वांगं शोभत नाही."

जयवंताबाईंनी चष्म्यावरून बघितलं. ज्याला जे चित्र मिळालं ते वर्षभर, म्हणाल्या. एकनाथराव कोपऱ्यात जाऊन फुगून बसले. थोड्या वेळानं योगिनीची पाठ वळलेली बघून त्यांनी आपली पिशवी हळूच छत्रीच्या खुंटीला अडकवली. योगिनीनं ती काढून वांग्याला अडकवली. त्यांनी परत छत्रीला. तिनं बाईंना हाक मारून सांगितलं की बाई, हे आजोबा माझी छत्री घेतात. सांगून झाल्यावर तिला आपलीच लाज वाटली, पण तोवर सांगून झालं होतं. सुमनताई दाराशी बसून हजेरी लिहीत होत्या. त्यांना तोंडात पदर कोंबावा लागला.

जयवंताबाई रागावल्या नाहीत. एकनाथरावांच्या शेजारी खाली बसल्या आणि हळू आवाजात सांगितलं की वांगं सगळ्यांना नाही देत मी. जे पोर समजूतदार दिसतं, त्यालाच देते, कारण बाकीची त्याच्यावरून रडतात. एकनाथराव दोन मिनिटं छताकडे बघत राहिले. मग आपली पिशवी घेऊन स्वतःच वांग्याच्या खुंटीला लावून आले आणि येताना योगिनीकडे जरा वरूनच बघितलं.

त्यानंतर दिवस सुरळीत गेला. प्रार्थना झाली, तिच्यात सुमनताईंचा आवाज सगळ्यांच्या वर. हातवारे करून गाणं झालं. बँकेतले गृहस्थ हत्ती झाले आणि थांबवेपर्यंत हत्तीच राहिले. पाण्याच्या रांगेत धक्काबुक्की झाली. दोघा वडिलांना वेगवेगळ्या टोकाला उभं केलं. डबा खायच्या वेळी बाहेरचं आणायचं नाही हा नियम मोडून एकानं मिरचीभजी आणली होती, ती भामानं वास घेऊनच धरली. मग सगळ्यांनी मिळून वाटून खाल्ली, कारण वाटून खायचं हाही नियमच होता. गोंगुऱ्याची चटणी, मेथीचे पराठे, दहीभात, एकाच्या डब्यातलं दुसऱ्याच्या डब्यात. शेवटी शेवटी कुणी कुणाला आडनावानं हाक मारीना. अहो पतंग, तो पराठा इकडे द्या, असं चालू झालं.

मग झोप. भामानं पडदे ओढले, चटया घातल्या, दाराला आतून कडी लावली. जयवंताबाईंनी मांडी घातली आणि अंगाई धरली. फक्त दाखवायला म्हणून, पाच मिनिटं पडायचं होतं, मग उठून नावं द्यायची, साडेबाराला घरी. असं ठरलं होतं.

पण ही सगळी माणसं आठवडाभराची थकलेली. कुणी दोन बसगाड्या बदलून कामाला जाणारी, कुणी रात्री बारापर्यंत केबल बघणारी, कुणी पोराच्या शाळेच्या काळजीनं जागणारी. कित्येक वर्षांत दुपारी त्यांना "आता डोळे मिट" असं कुणी म्हटलेलं नव्हतं. अंगाईचं दुसरं कडवं होईतो अठराच्या अठरा झोपली.

आता वर्गाचा जुना नियम असा की झोपलेल्याला उठवायचं नाही. आपणहून उठेल तेव्हा उठेल. भामानं अठ्ठावीस वर्षांत तो मोडला नव्हता. एक वाजला, दोन वाजले. साडेबाराला येणार म्हणून सांगितलेली माणसं येईनात, तशी घरून बायका, म्हातारी माणसं पोरांना कडेवर घेऊन शोधायला आली. खिडकीच्या पडद्याच्या फटीतून बघतात तर आत ही गत. भामा आतून ओठांवर बोट ठेवून दटावते आहे. मग बाहेरची पोरंच मोठ्यांना गप्प करायला लागली. कुलदीपनं आपल्या आजीला सांगितलं की आजोबा झोपलेत, तू बोलू नको, आणि गजांतून हात घालून आजोबांच्या पायावरची सरकलेली चादर ओढून नीट केली.

तीन वाजता हिम्मतराव आले. एसी कुठं बसवायचा ते बघायला, हातात मोजपट्टी घेऊन. सुमनताईंनी कडी काढली. सोमवारचं आज होतंय की काय, असं त्यांना वाटलं.

हिम्मतरावांनी आत पाऊल टाकलं नि जागीच थिजले. त्यांच्या दुकानाचं निम्मं गिऱ्हाईक जमिनीवर आडवं होतं, छातीशी रुमाल टाचून. त्यांनी तोंड उघडलं, तर भामानं त्यांच्याही तोंडासमोर बोट धरलं आणि चपलांकडे खूण केली. चपला काढल्या. मग काय करावं ते न सुचून ते मोजपट्टी घेऊन खोली मोजायलाच लागले, चवड्यांवर, माणसांच्या मधून पाय टाकत. पट्टी भिंतीपर्यंत नेली ती एकनाथरावांच्या पोटावरून. तिथं ती हातून सुटली आणि सटकन गुंडाळली गेली.

एकनाथराव डोळे न उघडता म्हणाले, "पुढच्या खिडकीवर जा."

हिम्मतराव घाबरून पतंगाच्या चटईच्या कडेला बसले. थोडं टेकावं म्हणून बसले. जयवंताबाईंची अंगाई चालूच होती, अगदी बारीक. सुमनताईंनी हजेरीच्या वहीवरून मान वर केली, तोवर विश्वस्त घोरत होते.

सगळे उठले तेव्हा सव्वाचार वाजले होते. एकेकाच्या गालावर चटईचे वळ. कुणी घड्याळाकडे बघून दचकलं नाही, ओरडलं नाही. गप्प बसून राहिले, जसं पोरं झोपेतून उठून बसतात तसे. भामानं प्रत्येकाला पाणी दिलं. बँकेतले गृहस्थ म्हणाले की आमच्या हर्षदाचं नाव लिहा. मग योगिनी. मग एकनाथराव, फक्त अट एवढीच की कुलदीपला वांगंच पाहिजे. सुमनताईंचा हात भरभर चालला. नावं झाली चौदा. दोघांनी प्रामाणिकपणे सांगितलं की झोप छान लागली, पण फॉर्म तिकडे भरून झालाय. जमलं नाही.

हिम्मतरावांनी वही बघितली. छातीवर रुमाल नव्हता म्हणून की काय, एवढ्यात ते परत विश्वस्त झाले होते. "बाई, पंधरा म्हणजे पंधरा," ते म्हणाले. पण आवाज मऊ पडला होता. पोरं चौदा ठेवली तर उद्या दुसरे वर्गही तेच मागतील, माझंही कुणी ऐकणार नाही, असं काहीसं समजावून त्यांनी मुदत उद्या संध्याकाळी पाचपर्यंत वाढवली. जाताना मोजपट्टी विसरून गेले.

माणसं गेली. भामा चटया उचलायला लागली. दोघी लहान पाटांवर बसल्या होत्या. सुमनताईंनी वही मिटली, उघडली, परत मिटली. चौदा हा आकडा वहीपेक्षा त्यांच्या मांडीवरच बसला होता. आता बाई युवराजचं नाव मागणारच, आणि मागावंच त्यांनी, असं त्यांना वाटत होतं. घरी जाऊन अमितशी भांडायची त्यांनी मनात तयारीही केली. पहिलं वाक्यसुद्धा ठरवलं. मग त्याच म्हणाल्या, "बाई, तुम्ही एकदा बोला तर खरं. इतके दिवस एक शब्द नाही काढला तुम्ही."

जयवंताबाई एका चादरीची घडी घालत होत्या. "कशाला काढू? युवराज तुमच्या घरचं पोर. अमितनं ठरवायचं त्याला कुठं घालायचं ते. शेजारी राहून, तुमच्याकडून पत्रं लिहून घेऊन, वर नातूही मागू? माझ्याच्यानं होत नाही ते."

"मग वर्ग जाऊ द्यायचा?"

जयवंताबाईंनी घडी गुडघ्यावर ठेवली आणि तिच्यावरून हात फिरवत राहिल्या. आपला अमित, त्या म्हणाल्या, अठ्ठावीस वर्षांतलं एकच पोर, जे दुपारी कधी झोपलं नाही. दोन वर्षं चटईवर पडून टक्क डोळ्यांनी छताकडे बघायचा. सगळ्यांना झोपवलं मी, त्याला नाही. ते त्या वेळी राहूनच गेलं. आता तर बघावं तेव्हा पळतोय, डोळ्यांखाली ही काळी वर्तुळं. परवा गल्लीतल्या बारशाला आला होता तेव्हा त्याचं तोंड बघून मलाच कसंतरी झालं.

ते सुमनताईंनीही बघितलं होतं. रात्री देवासमोर त्याच्याचसाठी सगळ्यात जास्त वेळ हात जोडलेले असायचे.

"तुम्हाला एकच मागते, सुमनताई," जयवंताबाई म्हणाल्या. "उद्या दुपारी एकला त्याला माझ्याकडे पाठवा. फॉर्मचं, नातवाचं काही बोलू नका. चादर मी देते. तेवढा तो पेजर मात्र घरी काढून घ्या."